रिपोर्ट माझ्या टेबलावरून निघतो, पुढे कुठे जातो?

गर्भाशयमुखाची तपासणी करणारे सर्व डॉक्टर, परिचारिका आणि तपासणीचे कार्यक्रम आखणारे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुम्ही पाठवलेल्या पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरून घासून घेतलेल्या पेशींच्या, स्लाइड आणि बायोप्सीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे माझं रोजचं काम. ज्या बाईच्या पेशी मी न्याहाळते तिचा चेहरा मला कधी दिसत नाही. तिचं वय, तिची तक्रार, पाळी चालू आहे की गेली, हे मला तुम्ही भरलेल्या अर्जावरून कळतं आणि तो अर्ज पुष्कळदा निम्मा कोरा असतो. तरीही तिच्या गर्भाशयमुखात काय चाललंय ते तिच्याआधी मला कळतं. मी रिपोर्टवर सही करते आणि तो रवाना होतो. त्यानंतर तिला कुणी बोलावलं का, नीट समजावून सांगितलं का, उपचार झाले का, याचा मला पत्ता लागत नाही. लागतो तो फार उशिरा, त्याच नावाची बायोप्सी काही वर्षांनी माझ्यासमोर येते तेव्हा. जुन्या रिपोर्टमध्ये ‘पुढील तपासणी आवश्यक’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि नव्या तुकड्यात कर्करोग असतो.

हे पत्र मी त्या मधल्या वर्षांबद्दल लिहिते आहे.

हा रोग कशामुळे होतो हे आता कोडं राहिलेलं नाही. एकेकाळी संशय हर्पिसच्या विषाणूवर होता. जर्मनीतल्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना तो पटला नाही. ते चामखिळीच्या कुळातल्या पॅपिलोमा विषाणूंच्या मागे लागले आणि १९८३ मध्ये त्यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) १६ हा प्रकार सापडला, पाठोपाठ एचपीव्ही १८. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्या पेशींमध्येही पुढे हाच १८ क्रमांकाचा विषाणू निघाला. एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत, त्यांतले डझन-दीड डझन धोक्याचे, आणि १६ व १८ हे दोघे मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात.

पण विषाणू शिरला म्हणजे कर्करोग झाला असं नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो. दहांपैकी नऊ जणींच्या शरीरातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींची वाटचाल कर्करोगाकडे सुरू होते. गर्भाशयमुखावर आतला उभ्या पेशींचा एकपदरी थर संपून बाहेरचा सपाट पेशींचा अनेकपदरी थर जिथे सुरू होतो, त्या सीमेवरचा पट्टा विषाणूला सर्वात सोयीचा. तिथे तो पेशीच्या जनुकांत घुसतो आणि त्याची ई६ व ई७ ही दोन प्रथिनं आपले दोन राखणदार निकामी करतात. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा संपवणारं पी५३ एकाने मोडतं, आणि पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारं आरबी दुसऱ्याने. पुढचा प्रवास निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीमध्ये १५ ते २० वर्षांचा असतो. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या स्त्रीमध्ये तो ५ ते १० वर्षांतच उरकतो, आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. धूम्रपान, पुष्कळ बाळंतपणं, पाच वर्षांहून जास्त काळ घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, क्लॅमिडियासारखे दुसरे संसर्ग हे सगळे या प्रवासाला हातभार लावतात, पण विषाणूशिवाय त्यांचं एकट्याचं सहसा काही चालत नाही.

हा प्रवास मी डोळ्यांनी पाहते, म्हणून तो इथे जरा सविस्तर सांगते.

स्मिअरमध्ये विषाणूची पहिली खूण म्हणजे कोइलोसाइट. पेशी मोठी, तिच्या केंद्रकाभोवती रिकामं पारदर्शक वलय, आणि मधलं केंद्रक मनुक्यासारखं सुरकुतलेलं, गडद. ही पेशी दिसली म्हणून मला धास्ती वाटत नाही, कारण अशा बहुतेक जणी बऱ्या होतात. धास्ती वाटते ती लहान, काळपट, पेशीचा जवळजवळ सगळा पसारा केंद्रकानेच व्यापलेल्या पेशींची. त्या दिसल्या की मी एचएसआयएल, म्हणजे पेशींचा गंभीर बिघाड, असा रिपोर्ट देते, आणि बायोप्सी करा असा त्याचा अर्थ होतो. बायोप्सीचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा फॉर्मेलिनमधून, मेणातून जाऊन पातळ काप होऊन माझ्यापुढे येतो. तिथे आवरणाच्या तळाशी एक पातळ रेषा असते. कर्करोगापूर्वीच्या या बिघाडाला आम्ही सीआयएन म्हणतो आणि त्याच्या तीन पायऱ्या मानतो. सीआयएन १ मध्ये बिघाड खालच्या तिसऱ्या हिश्शापुरता, सीआयएन २ मध्ये दोन हिश्शांपर्यंत, सीआयएन ३ मध्ये जवळजवळ पूर्ण जाडीभर. पण तोवर ती तळाची रेषा शाबूत असते. विकृत पेशी तिच्या वर कितीही माजल्या तरी त्यांना रक्तवाहिन्यांपर्यंत आणि लसवाहिन्यांपर्यंत वाट मिळालेली नसते. एका ठिकाणी ती रेषा फुटते, पेशींची जीभ खाली उतरते, आणि मला रिपोर्टमध्ये दुसरा शब्द लिहावा लागतो. रेषेच्या अलीकडे असताना बाहेरूनच छोटासा उपचार करून भागतं. रेषा ओलांडली की शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी. या दोन्हींमध्ये तुमच्या-माझ्या हातात जी वर्षं असतात त्यांचं आपण काय करतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

काहीच केलं नाही तर काय होतं हेही वैद्यकशास्त्राला माहीत आहे, आणि ते फार महागात पडून कळलेलं आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६६ पासून हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांनी सीआयएन ३ असलेल्या कित्येक स्त्रियांना पूर्ण उपचार न देता नुसतं लक्ष ठेवायचं धोरण चालवलं. ही अवस्था कर्करोगाकडे जाते हे त्यांना मान्य नव्हतं. आपण एका अभ्यासाचा भाग आहोत याची त्या स्त्रियांना कल्पना नव्हती. १९८७ मध्ये चौकशी बसली आणि १९८८ मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा अहवाल आला. त्या नोंदींचा पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचते. छोटी बायोप्सी घेऊन नुसत्या सोडून दिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कर्करोग झाला. सुरुवातीलाच पुरेसा उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं.

आज असं मुद्दाम कुणी करणार नाही. पण सीआयएन ३ चा रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहिला आणि बाईला निरोपच गेला नाही, तर तिच्या वाट्याला आलं ते ऑकलंडच्या त्या बायकांच्या वाट्याला आलं तेच. हेतू वेगळा होता याने पेशींना काही फरक पडत नाही.

आता तुमच्यापैकी जे रोज ओपीडीत बसतात त्यांच्याशी बोलते. माझी पहिली कळकळीची विनंती अशी की बघा. संबंधानंतर रक्त जातं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जातं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून जातं, दुर्गंधीयुक्त पाणी जातं, यांपैकी एकही तक्रार घेऊन बाई आली तर स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) घालून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला गोळ्या देऊ नका. महिनोन्‌महिने रक्त थांबवण्याची औषधं, मग अँटिबायोटिक, मग हार्मोन, मग रक्त वाढवायच्या गोळ्या, आणि या सगळ्यात तपासणीच्या टेबलावर तिला एकदाही घेतलेलं नाही, अशा कहाण्या बायोप्सीच्या अर्जावर दोन ओळींत उतरलेल्या मी वाचल्या आहेत. बायका आधीच दुखणं अंगावर काढतात. धीर करून दारापर्यंत आलेल्या बाईला न बघता परत पाठवणं हे फार वाईट आहे. वयस्क बाईच्या बाबतीत तर हे हमखास होतं, कारण ‘या वयात काय तपासायचं’ असं तिलाही वाटतं आणि तुम्हालाही.

आणि गर्भाशयमुखावर गाठ किंवा व्रण डोळ्यांना दिसत असेल तर पॅप स्मिअर पाठवून माझ्या रिपोर्टची वाट पाहू नका, सरळ बायोप्सी घ्या. हे मी ठासून सांगते, कारण इथे चूक वारंवार होते. स्मिअर ही तक्रार नसलेल्या, वरवर निरोगी स्त्रीसाठीची चाळणी आहे. गाठीवरून घासून आलेल्या नमुन्यात रक्त, पू आणि मेलेल्या पेशींचा इतका चिखल असतो की त्यात कर्करोग झाकला जाऊ शकतो. स्मिअर नॉर्मल आली म्हणून गाठ नॉर्मल ठरत नाही. बायोप्सीही व्रणाच्या मधोमधून घेऊ नका, तिथे मृत पेशींखेरीज मला काही मिळत नाही. जिवंत पेशी असलेल्या कडेवरून घ्या.

स्मिअर घेताना सीमेवरचा तो पट्टा पूर्ण फिरवून घासला गेला पाहिजे. स्लाइडवर नमुना पसरला की ती त्याच क्षणी अल्कोहोलमध्ये बुडवा. आधी हातमोजे काढू, अर्ज भरू, मग बुडवू असं केलं की पेशी हवेत वाळतात, केंद्रकं फुगतात, आणि मला ‘नमुना असमाधानकारक’ लिहावं लागतं. हे दोन शब्द म्हणजे नॉर्मल नव्हे. या बाईला परत बोलावणं भाग आहे असा त्यांचा अर्थ आहे, आणि तरी ‘काही निघालं नाही’ असं सांगून तिची बोळवण केली जाते. हे ऐकलं की मला मनापासून यातना होतात.

एचपीव्ही चाचणीने यातली बरीच अडचण दूर केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तपासणीची पहिली चाचणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली. तिशीपासून सुरुवात आणि निगेटिव्ह आली तर पुढची ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. एका स्मिअरच्या मानाने या चाचणीच्या हातून धोका सुटण्याची शक्यता पुष्कळच कमी, शिवाय गर्भाशयमुखाच्या नळीत आत लपलेल्या ग्रंथींच्या कर्करोगापर्यंत स्मिअरचा हात नीट पोहोचत नाही, तिथे ही चाचणी उपयोगी पडते. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, योनीत काडी फिरवून, पडद्याआड, कुणासमोर पाय पसरून न झोपता. लाजेपायी आणि भीतीपायी कधीच न आलेल्या बायकांसाठी याहून मोठी सोय मला दिसत नाही. पॅप स्मिअरचा मान मी कमी करत नाही. पापानिकोलाऊ यांच्या त्या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या बायका वाचवल्या आहेत. व्हिनेगरमध्ये असतं तेच अॅसिटिक आम्ल ३ ते ५ टक्के तीव्रतेचं लावून मिनिटभराने पांढरा पट्टा शोधायची पद्धतही साधनं कमी असतील तिथे कामाची आहे. मात्र पाळी गेल्यानंतर ती सीमा नळीत आत सरकते, म्हणून त्या वयात नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

चाचणी कोणतीही असो, ती निदान नव्हे. पॉझिटिव्ह आल्यावर कॉल्पोस्कोपमधून, म्हणजे गर्भाशयमुख मोठं करून दाखवणाऱ्या भिंगातून, पाहणं, संशयित जागेची बायोप्सी, गरज पडली तर नळीच्या आतून खरवडून घेतलेला नमुना, तेव्हा कुठे निदान होतं. यांतल्या एका पायरीवरून दुसरीवर जाताना बायका गळतात. का गळतात हे शोधायला फार लांब जायला नको. त्यांना काय सांगितलं गेलं ते विचारा. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर असं ऐकून कुणी घाबरून तोंड लपवते. कुणाला वाटतं आपल्या चारित्र्यावर शिक्का बसला, कुणाच्या घरात नवऱ्यावर संशय आणि भांडणं सुरू होतात. म्हणून रिपोर्ट हातात देताना एवढं तरी सांगा की हा संसर्ग जवळजवळ सगळ्यांनाच होतो. तो कधी झाला आणि कुणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, तो कित्येक वर्षं गुपचूप राहू शकतो. तुम्हाला कर्करोग झाला आहे असं हा रिपोर्ट म्हणत नाही, पण पुढची तपासणी टाळायची नाही. पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मिळाली नाहीत म्हणून परत न आलेली बाई माझ्या लेखी तुमच्या दारातूनच हरवली.

उलट बाजूही आहे, ती नजरेआड करू नका. सीआयएन १ दिसला की लगेच गर्भाशयमुखाचा भाग कापून काढायची घाई नको. तो पुष्कळदा आपोआप जातो. तरुण, मूल हवं असलेल्या मुलीच्या गर्भाशयमुखाचा मोठा तुकडा गेला तर पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. आणि भीती घालून गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला देणं हा तर सरळ अन्याय आहे. सीआयएन २ आणि ३ साठी उष्णतेने, गोठवून किंवा तारेच्या वळ्याने तो पट्टा नष्ट करणं किंवा काढणं बहुतेक वेळा पुरतं. दोष पूर्ण दिसत असेल, नळीत शिरत नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल तर उष्णतेचा उपचार काही मिनिटांत, बहुतेक वेळा त्याच भेटीत होऊ शकतो. बाईला दुसरी फेरी मारावी लागत नाही, म्हणजे ती मध्येच गळायची भीतीही नाही.

आता कार्यक्रम आखणाऱ्यांना सांगायचं ते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ९०-७०-९० अशी उद्दिष्टं ठरवली. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा चांगल्या चाचणीने तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. लशीबद्दल उत्साहाने बोललं जातं आणि ते योग्यच आहे, २००६ पासून ती उपलब्ध आहे आणि आता मुलींसाठी एक डोसही चालेल असं संघटनेने सांगितलं आहे. पण लस आधीच झालेला संसर्ग घालवत नाही. आज चाळिशीत असलेल्या बाईला तपासणीखेरीज दुसरा आधार नाही. आणि तपासण्यांचे आकडे आपण मोजतो, फलकांवर लावतो, शेवटच्या ९० पाशी मात्र घोडं पेंड खातं. किती स्लाइड काढल्या हे विचारलं जातं, पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी किती जणींवर उपचार झाले हे क्वचित.

उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला अभ्यास जगभर वाचला गेला तो याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात, आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावर नंतर टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. पण निष्कर्ष विसरता येत नाही. तिथे चाचणीच्या मागे कॉल्पोस्कोपी, बायोप्सी आणि उपचार उभे होते. नुसत्या चाचणीने एकही जीव वाचला नसता.

२०२२ मध्ये जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि साडेतीन लाख गेल्या. ज्या रोगाचं कारण माहीत आहे, पूर्वावस्था ओळखता येते आणि ती बरी करता येते, त्यात हा आकडा आहे.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. अर्जावर वय, पाळीची स्थिती, तक्रार, एचआयव्ही आणि आधीच्या रिपोर्टची माहिती भरा, ती माझ्या निदानाला लागते. बाईने स्वतः सांगितलेला, तिला चालेल असा संपर्क क्रमांक लिहा. रिपोर्ट कुणासमोर सांगितलेला तिला चालेल तेही विचारून घ्या, कारण निरोप भलत्याच माणसाच्या हाती पडला तर ती पुन्हा येणार नाही. प्रत्येक केंद्रात असा एक माणूस नेमा, ज्याचं काम फक्त पॉझिटिव्ह आणि असमाधानकारक रिपोर्ट आलेल्या बायकांना शोधून आणणं हे असेल, आणि त्याच्या वहीतलं नाव उपचाराची तारीख पडल्याशिवाय खोडलं जाऊ नये. आम्ही प्रयोगशाळेतले लोक दर आठवड्याला अशा रिपोर्टची यादी वेगळी काढून त्याच्याकडे पाठवायला तयार आहोत. ती यादी कुणाच्या नावे पाठवायची, तेवढं कळवा.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट